उबदार फिकट छटा: दोन जवळजवळ सारख्या रंगांतून एक कसा निवडायचा?

गवाक्ष
बैठकीच्या खोलीच्या रंगासाठी दोन शेडवर येऊन अडले आहे. खोली १२ × १४ फूट, उंची १० फूट. एकच मोठी खिडकी, उत्तरेला. लादी फिकट तपकिरी, सोफा निळसर राखाडी, छत पांढरं, दाराला पांढरा ऑइल पेंट.

शेड 'क' बेज आहे, वाळूच्या रंगाकडे झुकणारी, एलआरव्ही (रंग किती उजेड परतवतो त्याचा आकडा) ६४. शेड 'ख' बेज आणि राखाडीच्या मधली, एलआरव्ही ६१. कार्डावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक जेमतेम कळतो. एकेकटी समोर धरली तर कुठली कोणती हे सांगता येत नाही.

इतका बारीक फरक भिंतीवर दिसतो का? दिसत असेल तर निवड कशावरून करायची? 'आवडेल ती घ्या' हे उत्तर सोडून काहीही सांगा.

लोलक
दिसतो, आणि कार्डावर दिसतो त्यापेक्षा भिंतीवर जास्त दिसतो. कार्डाच्या तुकड्यावर उजेड एकदा पडतो आणि थेट डोळ्यात येतो. खोलीत तोच उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर असा फिरत राहतो आणि दर वेळी रंगद्रव्य त्यातला निळसर भाग थोडा थोडा शोषून घेतं. त्यामुळे चारही भिंती एका रंगाच्या असल्या की बेज कार्डापेक्षा अधिक पिवळा किंवा अधिक गुलाबी होतो. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातली वीतभर पट्टी निरखून पाहा. रंगाची झाक तिथे सगळ्यात उघडी पडते.

एलआरव्हीवर मात्र वेळ घालवू नका. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत येतो एवढंच तो आकडा सांगतो. ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ६४ आणि ६१ मधला फरक उजळपणाचा आहे आणि किरकोळ आहे. तुमचा खरा प्रश्न झाकेचा आहे.

शब्दवेल
पण ही झाक ओळखायची कशी? फिकट रंगांत मला तर सगळंच बिस्किटी दिसतं.

लोलक
एकटा रंग बघून झाक कधीच कळत नाही, ती तुलनेतच कळते. पांढरा कोरा ए-४ कागद टेबलावर ठेवा, त्यावर दोन्ही तुकडे दोन बोटांच्या अंतरावर, दिवसाच्या उजेडात, दिवे बंद करून. कागदाशेजारी बेज एकदम बोलायला लागतो: एक तुकडा पिवळट वाटेल, दुसरा हिरवट किंवा गुलाबी.

दुसरा उपाय म्हणजे शेड कार्डाच्या त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघणे. पट्टीवरच्या छटा साधारण एकाच कुळातल्या असतात. खालची गडद शेड शेवाळी दिसली तर वरच्या फिकटीतही तो हिरवा आहे. विटकरी दिसली तर तांबडा आहे. मात्र काही कार्डांवर वेगवेगळ्या कुळांतल्या छटा एका पट्टीत मांडलेल्या असतात. तिथे ही युक्ती चालत नाही.

मोजपट्टी
लोलक, एलआरव्हीबद्दल अर्धा सहमत. इथे तो फरक किरकोळ आहे, पण हा सरसकट नियम नाही. डोळ्याला जाणवणारा उजळपणा एलआरव्हीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. रंग आकड्यांत मोजायच्या सीआयई लॅब पद्धतीतल्या एल (उजळपणाच्या) मापात बघा: एलआरव्ही ६० म्हणजे सुमारे ८१.८ आणि ६५ म्हणजे ८४.५. पण १० म्हणजे ३७.८ आणि १५ म्हणजे ४५.६. दोन्हीकडे फरक पाचाचाच, तरी गडद टोकाला डोळ्याला तो जवळपास तिप्पट जाणवतो. म्हणून फिकट शेडमध्ये तीन अंक सोडून द्या, गडद शेडमध्ये सोडू नका.

कंपनीच्या माहितीपत्रकात लॅबचे पूर्ण आकडे मिळाले तर तेच बघावेत. 'ए' धन असेल तर रंग तांबड्याकडे, ऋण असेल तर हिरव्याकडे. 'बी' जितका मोठा तितका पिवळा जास्त. दोन शेडचे 'ए' आणि 'बी' शेजारी लिहिले की झाकेचा वाद तिथेच मिटतो.

पुट्टीपारखी
आकडे मिळाले नाहीत तर दुकानात टिंटिंग मशीनवर (रंग मिसळून शेड बनवणाऱ्या यंत्रावर) त्या शेडचं सूत्र, म्हणजे कुठला रंग किती घालायचा ते, दाखवायला सांगा. डब्यावर चिकटवलेल्या लेबलवरही ते बऱ्याचदा छापलेलं असतं. उबदार फिकट शेड बहुतेक वेळा पांढऱ्या बेसमध्ये (मूळ पांढऱ्या रंगात) पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड आणि काळा या तिघांतून बनतात. कधी काळ्याच्या जागी अंबर (मातकट तपकिरी रंगद्रव्य) असतो. सूत्रातलं कुठलं अक्षर म्हणजे कुठला स्टेनर (बेसमध्ये घालायचा दाट रंग) हे दुकानदाराला विचारून घ्या, कारण ती अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी.

पिवळा आणि काळा असून तांबडा नसेल किंवा नावापुरता असेल, तर ती शेड कमी उजेडात हिरवट जाणार हे धरून चाला. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी रंग येतो, फिकट शेडमध्येही तोच गुण उतरतो. तांबडा बऱ्यापैकी असेल तर झाक गुलाबी-पीच अंगाला जाते. आकडे मशीनगणिक वेगळ्या एककात असतात, म्हणून सुट्टा आकडा बघून उपयोग नाही, आपापसातलं प्रमाण बघायचं. काळा जोरकस असतो, त्याचा छोटा आकडाही छोटा समजू नका.

तुमच्या वर्णनावरून 'ख' मध्ये काळा जास्त असणार. तांबडा किती आहे ते बघून सांगा.

कुंचला
सूत्र वाचाच, पण निर्णय मोठ्या नमुन्यावर करा. पद्धत अशी:

हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे २ × २ फुटांचे दोन तुकडे घ्या. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात. तो वाळला की शेडचे दोन हात, रोलरने, मध्ये किमान चार तास सोडून. कडेला दीड-दोन इंचांची पांढरी चौकट कोरी ठेवा, मास्किंग टेप लावली की नीट राहते. ब्रशने मारू नका. भिंतीवर रोलर फिरणार असेल तर नमुन्यावरही रोलरच हवा, पोत बदलला की रंगही किंचित बदलतो.

ओल्या रंगावरून मत बनवू नका. पाण्यातलं इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. दुसऱ्या हातानंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

मग बोर्ड उभे धरा, जमिनीवर आडवे नाही. आडव्या बोर्डावर छताचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. खिडकीशेजारची भिंत, खिडकीसमोरची भिंत, सगळ्यात अंधारा कोपरा, आणि लादीला टेकून, अशा चार जागी ठेवून बघा. सकाळी, दुपारी, आणि रात्री दिवे लावून.

निरगाठ
एवढा खटाटोप कशाला? भिंतीवरच दोन चौकोन मारून बघावेत. भिंतीचा पोत, भिंतीचा उजेड, सगळं खरंखुरं मिळतं.

कुंचला
निरगाठ, पोताचा मुद्दा बरोबर आहे. भिंत खडबडीत असेल तर बोर्ड थोडा फसवतोच. पण भिंतीवरच्या चौकोनाच्या चारही बाजूंना जुना रंग असतो. जुनी भिंत निळसर असेल तर तिच्यावर कुठलाही बेज नारिंगी दिसतो, पिवळी असेल तर तोच बेज राखाडी दिसतो. दोन शेड शेजारी शेजारी मारल्या तर त्या एकमेकींनाही ढकलतात.

आणि त्या चौकोनांच्या कडा. रोलरचा काठ जाड बसतो, वरून दोन हात मारले तरी तिरप्या उजेडात ती रेघ दिसते. मारायचेच असतील तर कडा ओल्या असतानाच कोरड्या रोलरने पातळ करा, आणि नंतर १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. पुट्टीवर प्रायमरशिवाय थेट तर मुळीच मारू नका. पुट्टी पाणी ओढते, रंग चट्ट्याचट्ट्यांचा आणि निस्तेज दिसतो आणि चांगली शेड विनाकारण बाद होते.

ओंजळ
शेजारचा रंग ढकलतो याला फार जुना दाखला आहे. पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्रीच्या (विणलेल्या चित्रपडद्यांच्या) कारखान्यात रसायनज्ञ शेव्रल रंगाईचा विभाग सांभाळत. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगामुळे तो तसा भासत होता. १८३९ साली त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. गवाक्ष यांचा सोफा निळसर राखाडी आहे, म्हणजे त्याच्या मागची बेज भिंत आहे त्यापेक्षा जास्त उबदार दिसणार. बोर्ड सोफ्याच्या पाठीमागे धरून बघायलाच हवा.

शब्दवेल
ओंजळ, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

चौकट
सगळे दिवसाच्या उजेडावर बोलताय. दिव्याचं काय? बैठकीची खोली संध्याकाळनंतरच जास्त वापरली जाते. गवाक्ष, तिथे कोणते दिवे आहेत?

गवाक्ष
खोलीचा वापर संध्याकाळी सहा ते रात्री अकरा जास्त. सध्या पांढरी एलईडी ट्यूब आहे, खोक्यावर ६५००के लिहिलंय. बदलायची तयारी आहे.

चौकट
मग रंगाआधी दिवा ठरवा. हा क्रम उलटा झाला की सगळी मेहनत वाया जाते. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा. ६५००के च्या दिव्याखाली उबदार शेड मळकट दिसते, कारण त्या उजेडात निळा भाग भरपूर असतो आणि बेज रंगद्रव्य नेमका तोच शोषून घेतं. २७००के च्या दिव्याखाली तीच शेड लोण्यासारखी पिवळी होते. बैठकीला ३००० ते ४०००के च्या दरम्यान घ्या. उत्तरेचा थंड उजेड आणि बेज भिंत असेल तर ३०००के कडे झुका.

केल्विनइतकाच महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. खोक्यावर ९० किंवा त्याहून जास्त बघून घ्या. स्वस्त एलईडी ८० च्या आसपास असतात आणि त्यांत तांबडा भाग अशक्त असतो.

लोलक
चौकट यांना +१, आणि एक भर. सीआरआयचा सर्वसाधारण आकडा पहिल्या आठ नमुना-रंगांची सरासरी असतो, आणि ते आठही फिके रंग आहेत. गडद तांबड्याचा नमुना नववा, आर-९, तो त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या जवळपासही असू शकतो. तांबडी झाक असलेली शेड अशा दिव्याखाली मेल्यासारखी दिसते आणि दोष मात्र रंगाला जातो. आर-९ छापलेला असेल तर ५० च्या वरचा घ्यावा.

पुट्टीपारखी
यालाच जोडून एक धोका. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या रंगात बनवून घेऊ नका. मशीन जुळवून देतं, दुकानातल्या उजेडात दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण आतले स्टेनर वेगळे असतात. उजेड बदलला की दोन रंग वेगवेगळ्या दिशांना पळतात. सगळं एकाच रंगात करणार असाल तर बिघडत नाही. अर्धी भिंत जुन्या डब्यातली आणि अर्धी जुळवलेल्या रंगातली असेल तर दिवे लागले की सांधा उघडा पडतो.

सांजसावली
बोर्डांचे फोटो इथे टाका की, सगळे मिळून मत देऊ.

मोजपट्टी
सांजसावली, फोटोवरून मत घेऊ नये. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच ठरवतो. चौकटीत बेज जास्त आला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं थंड करून टाकतो. त्यावर प्रत्येकाच्या स्क्रीनचा रंग वेगळा. फोटो काढायचाच तर दोन्ही बोर्ड आणि पांढरा कागद एकाच फोटोत घ्या. त्यातून 'हा त्याच्यापेक्षा जास्त गुलाबी' एवढं सांगता येईल, 'हा गुलाबी आहे' असं नाही.

निरगाठ
मूळ प्रश्नाकडे येते. उत्तरेची खिडकी म्हणजे थंड, पसरट, दिवसभर जवळपास एकसारखा उजेड (उत्तर गोलार्धात). थेट ऊन वर्षातला बहुतेक काळ नाही. अशा खोलीत 'ख' मधला राखाडी वर येणार आणि भिंत उदास दिसणार. माझं मत 'क'.

ओंजळ
पण राखाडी सोफा आणि तपकिरी लादी या दोघांना सांधणारी शेड 'ख' च आहे ना? 'क' घेतली तर लादी, भिंत सगळंच तपकिरीच्या घरातलं, आणि सोफा एकटा पडतो.

निरगाठ
सोफा कधीतरी बदलतो, ओंजळ. खिडकीची दिशा बदलत नाही.

कुंचला
लादीही सहजासहजी बदलत नाही. खिडकीतून आलेला उजेड आधी जमिनीवर पडतो आणि मग भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर चढतो. तपकिरी लादी तो उजेड उबदार करून देते. म्हणून 'ख' ला खालून थोडी मदत मिळेल आणि 'क' खालच्या भागात जास्त तापेल. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर उजेडच हिरवट येतो, तेव्हा तांबडं अंग असलेली शेडच घ्यावी.

गवाक्ष
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सूत्रं बघितली आणि बोर्डही केले. बाहेर झाडं नाहीत. दोन्हींत पिवळा ऑक्साइड जास्त. 'क' मध्ये तांबडा बऱ्यापैकी आणि काळा थोडा. 'ख' मध्ये काळा खूप, तांबडा अगदी नाममात्र.

बोर्डांवर असं दिसलं: 'ख' दुपारी खिडकीसमोर छान, पण खिडकीच्याच भिंतीवर आणि आतल्या कोपऱ्यात सरळ हिरवट. ट्यूबखाली त्याहून हिरवट. ३०००के, सीआरआय ९० चा बल्ब लावला की बरी होते. 'क' कुठेच वाईट दिसत नाही, पण सोफ्यामागे आणि लादीजवळ पीच वाटते आणि त्याच बल्बखाली थोडी जास्तच.

पुट्टीपारखी
सूत्रात होतं तेच बोर्डावर उतरलं. खिडकीच्या भिंतीवर थेट उजेड पडतच नाही, म्हणून तिथे प्रत्येक शेडचं उणं बाहेर येतं. तिथे जी तगते ती घ्यायची. मी 'क' म्हणेन, पण ७५ टक्के ताकदीची. म्हणजे बेस तोच, सगळे स्टेनर पाऊणपट. पीच उतरेल, उजळपणा थोडा वाढेल, हिरवा यायचा प्रश्न नाही. दुकानात मशीनवर सूत्राची टक्केवारी बदलता येते. वरून पांढरा रंग ओतून फिकी करू नका, तसं केलेलं पुन्हा तंतोतंत बनत नाही.

एकच काळजी घ्या: पाऊण ताकदीचा नमुना अगदी छोट्या डब्यात बनवू नका. फिकट शेडमध्ये स्टेनर आधीच थेंबांत असतात, २०० मिलीच्या डब्यात अर्धा थेंब कमीजास्त झाला तरी झाक बदलते. किमान एक लिटर बनवा, आवडला तर तो वापरता येतोच.

लोलक
सहमत. तिसरा बोर्ड करा आणि तोही आधी खिडकीच्या भिंतीवर धरा.

सांजसावली
अवांतर: फिनिश कोणतं घ्यावं? मॅट की सॅटिन? आणि छत पांढरंच ठेवायचं का?

कुंचला
अवांतर नाही, याचा रंगावर परिणाम होतो. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, त्यामुळे रंग मऊ आणि एकसारखा दिसतो. चकाकी वाढली की रंग किंचित गडद आणि गडद झाला की झाकही ठळक. खिडकीचा तिरपा उजेड चकाकीवर पुट्टीची प्रत्येक लाट दाखवतो. बैठकीला मॅट, पण धुता येईल असं इमल्शन. नमुनाही त्याच फिनिशमध्ये करायचा.

छताचा पांढरा निळसर नको. निळसर पांढऱ्याखाली भिंत जास्त पिवळी दिसते. साधा पांढरा बेस, किंवा भिंतीच्याच शेडचं १० ते १५ टक्के ताकदीचं सूत्र.

दाराच्या पांढऱ्या ऑइल पेंटचंही बघा. तो काळाने पिवळा पडतो, आणि उजेड न पोचणाऱ्या कोपऱ्यात लवकर पडतो. आज भिंत दारापेक्षा पिवळी दिसेल, काही वर्षांनी दार भिंतीपेक्षा. दार नव्याने रंगवणार असाल तर पाण्यातलं ॲक्रिलिक इनॅमल लावा, ते पांढरं टिकतं. जुन्या ऑइल पेंटवर मारण्याआधी घासून चमक घालवा आणि घट्ट पकड धरणारा प्रायमर द्या, नाहीतर नखाने सोलून निघेल.

गवाक्ष
७५ टक्क्यांचा बोर्ड केला. खिडकीच्या भिंतीवर स्वच्छ दिसतो, सोफ्यामागचा पीच जवळपास गेला. हाच घेतेय, दिवा ३०००के. आता रंग किती आणावा? एकदम आणावा की लागेल तसा?

पुट्टीपारखी
एकदमच. खोलीचा परीघ ५२ फूट, उंची १०, म्हणजे ५२० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी साधारण ३० वजा करा, राहिले सुमारे ४७०. दोन हातांचे ९४०. गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर लिटरला एका हाताचे १२० चौरस फूट धरले तर पावणेआठ-आठ लिटर. ९ लिटर घ्या, उरलेला डागडुजीला. छताचे १६८ चौरस फूट यात धरलेले नाहीत, तो हिशोब वेगळा.

सगळे डबे एकाच वेळी, एकाच मशीनवर, एकाच बॅचच्या बेसमध्ये बनवून घ्या आणि लेबलवर ७५ टक्के लिहिलंय का ते दुकानातच तपासा. घरी आणल्यावर सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा आणि तिथूनच वापरा. नाहीतर एक डबा भिंतीच्या मध्यावर संपतो आणि दुसऱ्याची सुरुवात रेघेसारखी दिसते. पाणी डब्यावर सांगितलंय तेवढंच आणि प्रत्येक हाताला सारखंच. उरलेला रंग त्याच्या मापाच्या लहान डब्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, आणि झाकणावर शेडचा कोड, ७५ टक्के, बेस आणि फिनिश लिहून ठेवा.